विंध्यगिरीवरचा उजेड

श्रवणबेळगोळचे भगवान बाहुबली उत्तराभिमुख आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पण या गोष्टीचा आपल्या घरच्या फोटोशी काय संबंध, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. संबंध अगदी थेट आहे. आपल्याकडच्या यात्रा दिवाळीनंतर सुरू होतात आणि मुलांच्या नाताळच्या सुट्टीत त्यांना भर येतो. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. श्रवणबेळगोळ सुमारे १३ अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरअखेर भर दुपारीही तेथे सूर्य माथ्यावर येत नाही; तो दक्षिणेच्या बाजूला, क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर राहतो. म्हणजे मूर्तीच्या पाठीशी. मूर्तीसमोर उभा राहून जो कोणी कॅमेरा उचलतो, तो नकळत सूर्याच्या दिशेने तोंड करून फोटो काढीत असतो. आकाश पांढरेफटक येते आणि समोर उभी केलेली घरची माणसे काळवंडतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र मध्यान्हीचा सूर्य तेथे माथ्याच्या उत्तरेकडून जातो आणि मूर्तीचे मुख उजळते. परंतु मे महिन्यात तापलेल्या खडकावरून अनवाणी चढण्याची तयारी किती जणांची असते?

छायाचित्रणाचा मी अभ्यासक नव्हे. ३६ वर्षे बँकेत काढली, तेथे माझा फोटोशी संबंध आला तो अर्जाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांपुरता. निवृत्तीनंतर या विषयात डोके घातले, त्याला कारण आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली एक तसबीर आहे.

१९९३ साली महामस्तकाभिषेकाच्या वर्षी आमचे सारे कुटुंब श्रवणबेळगोळला गेले होते. तेथे फिरणाऱ्या एका छायाचित्रकाराने दुपारी आमचा समूहफोटो काढला. आप्पांची पांढरी टोपी आणि पांढरा सदरा त्यात लखलखत होता, आणि दोहोंच्या मधला चेहरा काळोखात होता. १९९९ साली आप्पा गेले. वर्तमानपत्रात देण्यासाठी आणि भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की आयुष्यभर हळदीच्या आडतीत उभ्या राहिलेल्या या माणसाचा एकट्याचा धड असा एकही फोटो घरात नाही. शेवटी तोच समूहफोटो स्टुडिओत दिला. त्यांनी चेहरा कापून मोठा केला, उजळ केला, आणि जेथे काहीच दिसत नव्हते तेथे ब्रशाने डोळे काढले. आई त्या तसबिरीला हार घालते. पण गेली कित्येक वर्षे ती एकच सांगत आली आहे, "डोळे त्यांचे नव्हेत."

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. आई ८६ वर्षांची झाली आहे, आणि बाहुबलींचे दर्शन एकदा व्हावे असा तिचाच आग्रह होता. थोरले अण्णा, मधले तात्या, मी, आमची कुटुंबे, मुले, सुना, नातवंडे, मिळून १७ जण. चार वर्षांपूर्वी आडतीच्या वाटण्या झाल्या. व्यापारी घरांत वाटणी म्हणजे काय असते, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. कागद नीट होतात, वह्या मिटतात. पण जेवणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, यातला फरक पुढे वर्षानुवर्षे राहतो. अण्णा आणि तात्या एका गाडीत बसले, ते आईच्या शब्दाखातर. सांगलीपासून दावणगेऱ्यापर्यंत दोघांत झालेले बोलणे टोलनाक्याच्या सुट्या पैशांपुरते होते.

रस्त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. मोठा रस्ता उत्तम आहे. चन्नरायपट्टणच्या बाजूने जाताना नारळाच्या बागांच्या वर मूर्तीचे मस्तक दिसू लागते आणि गाडीतले सगळे गप्प होतात, एवढे मात्र नोंदवतो.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. गावाच्या मधोमध कल्याणी हे दगडी पायऱ्यांचे मोठे तळे आहे. बेळगोळ म्हणजे पांढरे तळे, गावाचे नाव त्यावरूनच पडले. दक्षिणेला मोठा डोंगर विंध्यगिरी, उत्तरेला लहान डोंगर चंद्रगिरी, आणि दोहोंच्या मध्ये हे पाणी. पाच वाजल्यापासून तेथे जो उजेड उतरू लागला, तो पाहून माझी पुतणी, तात्यांची धाकटी, हातातला चहा तसाच ठेवून उठली. सूर्य खाली आला की त्याच्या किरणांना हवेच्या जाड थरातून यावे लागते. त्यात निळा रंग विखुरतो, पिवळा-तांबडा उरतो, आणि ऊन मऊ होते. छायाचित्रकार ज्या वेळेला सोनेरी घटका म्हणतात ती हीच. डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडत नाहीत, सुरकुत्या कठोर दिसत नाहीत.

"काका, आत्ताच सगळ्यांना बोलवा," ती म्हणाली.

पण तेथे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, तर नेमक्या त्याच वेळी आमच्या घरातली सगळी वडीलधारी ताटावर बसलेली असतात. फोटोग्राफीची पुस्तके लिहिणाऱ्यांनी ही अडचण विचारात घेतलेली दिसत नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरांसाठी संध्याकाळचा सोनेरी उजेड जवळजवळ बाद आहे. आपली वेळ सकाळची. एका अर्थी ती अधिक चांगलीही आहे: हवेत धूळ कमी असते, माणसे ताजी असतात, आंघोळ करून नवे कपडे नेसलेली असतात, आणि लहान मुले अजून किरकिरायला लागलेली नसतात.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही पायथ्याशी होतो. विंध्यगिरीच्या पायऱ्या अखंड खडकात कोरलेल्या आहेत, सहाशेहून अधिक. पादत्राणे खालीच ठेवावी लागतात. आईसाठी डोली केली. चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि आमच्या कितीतरी पुढे निघून गेले. वर पाहिले की सावळ्या खडकावर आईचे पांढरे पातळ तेवढे हलताना दिसे.

पायऱ्या डोंगराच्या उत्तर अंगावर आहेत. त्यामुळे हिवाळ्यात पहिला तास-दीड तास चढणारा माणूस डोंगराच्याच सावलीत असतो. समोर आकाश उघडे, ऊन अंगावर नाही, आणि सगळीकडून सारखा मंद प्रकाश. घरच्या माणसांचे फोटो काढण्यासाठी याहून सोपा उजेड नाही. उन्हात पांढरे कपडे आणि सावळे चेहरे एकाच फोटोत नीट येणे कठीण असते. पांढऱ्याला सांभाळावे तर चेहरे काळे पडतात, चेहरे उजळावेत तर सदऱ्याची वीण दिसेनाशी होते. मोबाइल स्वतःच्या हिशेबाने सरासरी काढतो, आणि सरासरीत माणसे बुडतात. (बँकेतही असेच होत असे.) सावलीत हा फरक कमी होतो. तरीही स्क्रीनवर बोट ठेवायचे ते चेहऱ्यावर, कपड्यावर नव्हे. बोट थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये उजेडाचे माप तेथेच थांबते. पायऱ्यांवर थांबत थांबत पुतणीने प्रत्येक जोडप्याचा एकेक फोटो घेतला, तो याच सावलीत.

दर्शनाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्याचे त्याचे असते. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने इ.स. ९८१च्या सुमारास करविलेली ही ५७ फुटांची मूर्ती एकाच पाषाणातली आहे. पायांशी वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेल्या माधवीच्या वेली. पायांजवळच्या लेखांत एक मराठी लेखही आहे, आणि आपल्या भाषेतल्या फार जुन्या लेखांत त्याची गणना होते. चावुंडरायाने मूर्ती करविली आणि पुढे बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतीचा प्राकार करविला, एवढाच त्याचा आशय. आई डोळे मिटून उभी होती. मग उघडून तिने वर पाहिले, आणि खूप वेळ पाहतच राहिली.

फोटोचा प्रश्न तेथेच निघाला. अण्णांच्या नातवाला सगळ्यांचा फोटो मूर्तीसमोर हवा होता. तसा फोटो काढायचा म्हणजे सगळ्यांनी भगवंतांकडे पाठ करून उभे राहायचे. मला ते रुचत नव्हते. तात्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. सारे जग काढते, असे त्यांचे म्हणणे. या बाबतीत मतभेद असू शकतात हे मला मान्य आहे, आणि कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण इतक्या दूर येऊन दर्शन घ्यायचे आणि शेवटी पाठ फिरवून हसायचे, यात विनय कोठे राहिला? आईने विषय संपवला. ती म्हणाली, "देवाचा फोटो देवाचा काढा, माणसांचा माणसांचा."

छायाचित्रणाच्या दृष्टीनेही तिचे म्हणणे अचूक होते. ५७ फुटांची मूर्ती आणि पाच फुटांची माणसे एका चौकटीत बसवायला जावे, तर माणसांचे तीळ होतात. मूर्तीसाठी फोन उभा धरावा, शक्य तितके मागे जावे, आणि मध्ये कोणी नसावे. पाठीमागून सूर्य असेल तर आकाशाची आशा सोडून मुखावर बोट ठेवावे. मुखावरचे ते स्मित सावलीतही सुरेख येते. पुतणीने तसा एक फोटो घेतला आणि फोन खिशात ठेवला.

समूहफोटोसाठी आम्ही प्राकारातून उतरून खाली उघड्या खडकावर आलो. तेव्हा नऊ वाजत आले होते आणि ऊन डोंगरमाथ्यावरून अलीकडे उतरले होते. येथे मात्र आदल्या रात्री मी कागदावर काढून ठेवलेला दिशांचा नकाशा उपयोगी पडला. मूर्तीसमोर जे गणित उलटे पडते, ते या उतारावर सुलटे होते. माणसांनी खालच्या बाजूला, चंद्रगिरीकडे पाठ करून उभे राहायचे. कॅमेरा चार पायऱ्या वर. म्हणजे माणसांची तोंडे दक्षिणेकडे, आणि सूर्य आग्नेयेला, कॅमेऱ्याच्या मागे उजव्या हाताला. ऊन थेट डोळ्यांत जात नाही, तिरपे येते. चेहऱ्याची एक बाजू जरा अधिक उजळ राहते आणि त्यामुळे चेहरा सपाट न दिसता गोलाई घेतो. खालचा सावळा खडकही थोडा उजेड वर फेकतो. मागे कल्याणीचे पाणी आणि त्यापलीकडे चंद्रगिरीवरच्या बसदी. कॅमेरा वर असल्यामुळे क्षितिजाची रेषा डोक्यांच्या वर राहिली. ती रेषा मानेतून गेली की प्रत्येकाचा गळा कापल्यासारखा दिसतो. आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या निम्म्या फोटोंत हेच झालेले असते.

मग उभे राहण्याचा क्रम. आमच्याकडे, आणि बहुधा सगळीकडेच, फोटो म्हटले की माणसे एका ओळीत पसरतात, पंगतीला बसल्यासारखी. १७ माणसांची ओळ चौकटीत मावायला फोन मागे न्यावा लागतो आणि चेहरे लहान होतात. किंवा फोनची रुंद भिंग लावावी लागते, आणि मग कडेची माणसे आडवी ताणली जातात. कडेला घरातले कोण असतात? जे मानाने बाजूला होतात ते वडीलधारे, किंवा ज्यांना मध्ये यायचे नसते ते. आमच्या ओळीत डाव्या टोकाला अण्णा होते आणि उजव्या टोकाला तात्या.

पुतणीने वरून पाहिले. "अण्णाकाका, तुम्ही तेथे लठ्ठ येता आहात. बाबा, तुमचे डोके लांबट येते आहे. दोघे मध्ये या, आजीच्या मागे." तिच्या स्वरात फोटोपलीकडचे काहीच नव्हते. भिंगाचा दोष तिने भिंगाच्या भाषेत सांगितला, आणि त्याला उत्तर देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते. दोघे आले. आईला पायरीवर बसवले होते. मुले तिच्या दोन्ही अंगांना बसली, मागच्या पायरीवर बायका, त्यांच्या मागे पुरुष, आणि आईच्या बरोबर पाठीशी तिचे दोन मुलगे. जागा थोडी होती. खांद्याला खांदा लागल्याखेरीज ते दोघे तेथे मावत नव्हते.

आणखी दोन-तीन बारकावे तिने पाहिले, ते सांगतो. कोणाचे डोके कोणाच्या डोक्याच्या बरोबर वर येऊ दिले नाही; मागच्याने पुढच्या दोघांच्या फटीत उभे राहावे. रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या चौकटीबाहेर नेल्या. उन्हामुळे मिचकावणाऱ्यांना डोळे मिटून घ्यायला सांगितले आणि तीन म्हटल्यावर उघडायला. मग स्वतःलाही फोटोत यायचे असल्यामुळे चौकट, उंची आणि उजेड सगळे ठरवून तिने फोन एका कानडी मुलाच्या हाती दिला. तोही आपल्या घरच्यांबरोबर दर्शनाला आला होता. त्याच्याकडे काम उरले ते फक्त बटण दाबण्याचे. अनोळखी माणसाकडून फोटो काढून घ्यायचा तर असाच घ्यावा. सारे त्याच्यावर सोपवून आपण उभे राहिलो, की पाय कापले जातात आणि निम्म्या फोटोत आकाश येते.

किती फोटो घ्यावेत, याला एक हिशेब आहे आणि तो मला फार आवडला. पिअर्स बार्न्स या शास्त्रज्ञाने माणसे दर मिनिटाला किती वेळा पापणी मिटतात त्यावरून गणित मांडले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात त्या संख्येला ३ ने भागावे, मंद उजेडात २ ने. तितके फोटो घेतले की निदान एका फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची बरीच खात्री. २००६ साली त्याला आणि त्याच्या सहकारी निक स्वेन्सन यांना यासाठी विनोदी नोबेल समजले जाणारे इग नोबेल पारितोषिकही मिळाले. १७ भागिले ३, म्हणजे सहा. आम्ही नऊ घेतले. दोन फोटोंत १७ जणांचे ३४ डोळे उघडे निघाले, मी मोजले.

परत उतरताना अखंड बागिलूपाशी आईची डोली जरा विसावली. हा दरवाजा एकाच खडकात कोरलेला आहे, वर गजलक्ष्मी आहे. तेथे मला आईचा एकटीचा फोटो हवा होता. बाहेर ऊन कडक होऊ लागले होते. पण खोल दरवाजाच्या तोंडाशी, उन्हाची रेषा जेथे संपते त्याच्या हातभर आत, एक वेगळाच उजेड असतो. माणूस सावलीत, तोंड बाहेरच्या उघड्या आकाशाकडे, मागे काळोख. बुबुळांत उजेडाचा एक ठिपका उमटतो आणि डोळे जिवंत होतात. फार जवळ गेले तर नाक मोठे येते, म्हणून पुतणी सहा-सात फूट लांब उभी राहिली आणि फोनचे दुप्पट भिंग लावले. कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या पातळीवर राहावा म्हणून ती खडकावर चक्क बसली.

आईने पदर सारखा केला. "कशाला काढते आहेस ते कळते मला," ती म्हणाली. पुतणी गडबडली. मीही काही बोललो नाही. आई शांतपणे म्हणाली, "काढ. पण डोळे नीट येऊ देत."

उन्हाचा ताप वाढल्यावर चंद्रगिरीकडे जाण्याचे बळ फक्त तरुणांत उरले होते; मी त्यांच्याबरोबर गेलो. हा डोंगर शांत आहे. भद्रबाहू स्वामी आणि चंद्रगुप्त यांच्या सल्लेखनेची परंपरा याच डोंगराशी जोडलेली आहे. चंद्रगुप्त बसदीतल्या जाळीदार शिळांवर त्यांचे चरित्र लहान लहान चौकटींत कोरले आहे. कोरीव काम समोरच्या उजेडात सपाट दिसते, बाजूने उजेड आला की उठून येते, हे तेथे पुतण्यांना दाखवता आले. येथून विंध्यगिरीकडे पाहिले, तर दुपारी अकरा वाजता मूर्ती सूर्यापुढे नुसती काळी आकृती दिसत होती.

गावी परतल्यावर मी एक काम त्याच आठवड्यात उरकले. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात, हे दोन वेळा अनुभवले आहे. समूहफोटोच्या तीन प्रती, १२ बाय १८ इंच, चकाकी नसलेल्या कागदावर. चकाकत्या कागदावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि चेहरे दिसत नाहीत. प्रत्येक प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि १७ नावे ओळीने लिहिली, बँकेतल्या सवयीप्रमाणे. एक अण्णांकडे, एक तात्यांकडे, एक माझ्याकडे. तात्यांनी ती प्रत घरी नेली नाही, दुकानात लावली, असे पुतणीने कळवले. अण्णा परवा हळदीचा नमुना दाखवायला म्हणून तिकडे गेले होते. फोटोखाली पाच मिनिटे उभे राहिले, म्हणे, आणि चौकट जरा तिरकी लागली आहे एवढे बोलून तात्यांच्या मुलाकडून स्टूल मागवून घेतले.

आईचा फोटो तिने स्वतः मागून घेतला. तो तिच्या कपाटात, आप्पांच्या जुन्या पासबुकांखाली, पाकिटात आहे.